एका भूमिकेने लक्षात राहिलेल्या अभिनेत्रीची स्मरणसंध्या कशी आखावी

गोव्यात गावोगावची वाचनालये, महिला मंडळे आणि नाट्यसंस्था गायकांच्या, नटांच्या आणि नाटककारांच्या पुण्यतिथ्या नेमाने साजऱ्या करतात. परंतु चित्रपटात आयुष्यभर आई, मावशी, शेजारीण किंवा घरमालकीण झालेल्या अभिनेत्रीसाठी एखादी संध्याकाळ राखून ठेवावी, असे सहसा कोणाला सुचत नाही. सुचले तरी पुढे अडचण येते, कारण तिचे नाव लोकांना आठवत नाही, आठवते ती एकच भूमिका, आणि तेवढ्यावर दीड तास कसा भरायचा, हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत हमखास विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या हेतूने ही आखणी लिहिली आहे. उदाहरण म्हणून अचला सचदेव यांना समोर ठेवले आहे, म्हणजे १९६५ सालच्या ‘वक्त’ या चित्रपटात बलराज साहनी ‘ऐ मेरी जोहराजबीं’ हे गाणे ज्या स्त्रीला उद्देशून म्हणतात, ती स्त्री. नाव दुसरे घेतले, तरी आखणीत फारसा फरक पडणार नाही.

सर्वांत आधी एक मोह टाळावा. अशा कार्यक्रमाचा सूत्रसंचालक बहुधा थोड्या तक्रारीच्या सुरात सुरुवात करतो की, बाईंनी शंभराहून अधिक चित्रपटांत कामे केली, पण लोकांनी एकच लक्षात ठेवले. आणि मग तो त्या उरलेल्या चित्रपटांची यादी वाचू लागतो. यादीतल्या सातव्या नावापाशी श्रोते चुळबुळ करतात आणि दहाव्यापाशी मागच्या रांगेत लग्नसराईच्या गप्पा सुरू होतात. माझ्या मते एका भूमिकेने ओळखले जाणे हा काही अन्याय नव्हे. ती भूमिका आपण नीट पाहिलेलीच नसते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून तिच्यापासून दूर न पळता तिच्यातच जास्तीत जास्त वेळ थांबावे आणि बाकीची कारकीर्द तिच्या आधाराने, मोजक्या शब्दांत सांगावी.

भूमिका पूर्ण पाहणे

तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी एकत्र बसून चित्रपट अथपासून इतिपर्यंत पाहावा. यूट्यूबवरचे गाणे पाहून काम भागत नाही, याचा प्रत्यय ‘वक्त’ पाहताना लगेच येतो. लाला केदारनाथांची (बलराज साहनींची) पत्नी लक्ष्मी ही लोकांच्या मनात गाण्यातल्या त्या काही मिनिटांपुरतीच उरली आहे. वास्तविक त्या गाण्यानंतर भूकंप होतो, कुटुंबाची ताटातूट होते, आणि लक्ष्मी धाकट्या मुलाला घेऊन गरिबीत दिवस काढते. हा मुलगा, म्हणजे शशी कपूर, पदवी घेऊनही आईच्या आजारपणासाठी दुसऱ्याच्या दारी ड्रायव्हरची नोकरी धरतो. म्हणजे नवऱ्याच्या कौतुकाने लाजणारी सुखवस्तू बाई आणि मुलावर भार झाल्याच्या जाणिवेने खचलेली आजारी आई, अशा दोन टोकांचे काम एकाच अभिनेत्रीने एकाच चित्रपटात केलेले आहे, आणि आपण त्यातले निम्मे विसरून गेलो आहोत. कार्यक्रमाला लागणारा मुख्य मुद्दा इथेच मिळतो, त्यासाठी इतर शंभर चित्रपट धुंडाळावे लागत नाहीत.

त्यानंतर गाणे वेगळे काढून तीन वेळा पाहावे. पहिल्या वेळी जसे आहे तसे, दुसऱ्या वेळी आवाज बंद करून, आणि तिसऱ्या वेळी बलराज साहनींकडे निग्रहाने दुर्लक्ष करून केवळ अचला सचदेव यांच्याकडे पाहावे. शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत रवींचे आणि आवाज मन्ना डे यांचा. या गाण्यात त्यांच्या वाट्याला एकही ओळ आलेली नाही. त्यांच्याकडे आहे ते फक्त ऐकणे. सगळ्या पाहुण्यांसमोर नवरा असे काही म्हणू लागला, याचा संकोच आणि तो आपल्यालाच उद्देशून म्हणतो आहे, याचा अभिमान, या दोन गोष्टी त्या चेहऱ्यावर आळीपाळीने येत राहतात. त्या मान फिरवतात, हसू दाबतात, पुन्हा पाहतात. गाणारा माणूस मोठ्या उत्साहात असताना ऐकणारी व्यक्ती अवघडून बसली, तर ते दृश्य थट्टेचे होते. ती फारच खुलून प्रतिसाद देऊ लागली, तर ते दोघांच्या वयाला शोभत नाही. मधली जागा सापडल्यामुळेच हे गाणे आजही लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला लावले जाते. पाहणाऱ्यांपैकी एकाने वही घेऊन टिपत जावे: नजर नवऱ्यावर केव्हा टिकते, केव्हा खाली जाते, शेजारी बसलेल्या बायकांकडे केव्हा वळते. ही टिपणे पुढे निवेदनात जशीच्या तशी उपयोगी पडतात.

रेडिओवर हेच गाणे ऐकणाऱ्याला ही अभिनेत्री भेटतच नाही. विविध भारतीवर ते कितीही वेळा लागले, तरी तिथे मन्ना डे असतात, साहिर असतात, रवी असतात, आणि जिच्यासाठी हे सगळे चालले आहे ती नसते. स्वतः अचलाबाईंनी फाळणीपूर्वी आकाशवाणीच्या लाहोर केंद्रावर आणि नंतर दिल्लीला काम केले होते, हे लक्षात घेता हा योग मोठा विलक्षण आहे. व्यवहाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, कार्यक्रमात हे गाणे स्थानिक गायकाकडून गाऊन घेऊ नये. गोव्यात गळ्यांची वाण नाही, आणि कोणी तरी हौसेने पुढे येणारच. त्याला आदराने दुसरे गाणे द्यावे. हे गाणे पडद्यावरच दाखवावे.

वयाचा हिशेबही मांडून ठेवावा, कारण तो बरेच काही सांगून जातो. अचला सचदेव यांचा जन्म पेशावरचा, ३ मे १९२० चा. ‘वक्त’मध्ये त्यांच्या मुलांची कामे करणारे राज कुमार १९२६ साली, सुनील दत्त १९२९ साली आणि शशी कपूर १९३८ साली जन्मलेले, म्हणजे थोरला मुलगा आईपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी लहान. हा तपशील सांगितल्यावर सभागृहात हशा पिकेल, तो पिकू द्यावा, पण लगेच सांगावे की पंचेचाळिशीतल्या अभिनेत्रीकडे आईखेरीज दुसरे काम येत नव्हते आणि तिच्या आगेमागे जन्मलेले पुरुष नायक म्हणूनच वावरत होते. जाता जाता हेही सांगता येईल की, याच चित्रपटासाठी साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार राज कुमार यांना मिळाला. त्यांचे पडद्यावरचे वजन पाहता त्यांना साहाय्यक कोणत्या हिशेबाने म्हणायचे, हे पुरस्कार देणाऱ्यांनाच ठाऊक.

माहिती जमवणे

जन्ममृत्यूच्या तारखा, चित्रपटांची वर्षे आणि भूमिकांची नावे किमान दोन ठिकाणी पडताळून घ्यावीत, आणि जी गोष्ट पडताळता येत नाही ती गाळावी. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या श्रद्धांजलीत छायाचित्र एकीचे आणि माहिती दुसरीची असण्याचा प्रकार चरित्र अभिनेत्रींच्या बाबतीत फार होतो, त्यामुळे फलकावर लावायचे छायाचित्र चित्रपटातल्या दृश्याशी ताडून पाहिल्याशिवाय छापायला देऊ नये. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुनी पोस्टरे, छायाचित्रे आणि चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका सांभाळत आले आहे; हाताशी दोन-तीन महिने असतील, तर तिकडे पत्रव्यवहार करावा.

गोव्यापुरते पाहायचे असेल, तर पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जावे. ‘गोमन्तक’ हे दैनिक २४ मार्च १९६२ रोजी सुरू झाले, म्हणजे ‘वक्त’ प्रदर्शित झाला तेव्हा गोव्यात मराठी दैनिक होते. त्या काळच्या अंकांतल्या चित्रपटांच्या जाहिराती चाळल्या, तर आपल्या शहरात तो चित्रपट केव्हा आणि कोणत्या चित्रपटगृहात लागला, याचा माग लागू शकतो. जाण्याआधी फोन करून कोणत्या वर्षांचे अंक पाहायला मिळतील, याची चौकशी करावी, नाही तर सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातून आलेल्या माणसाचा दिवस फुकट जातो.

दुसरा साठा माणसांचा. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या आज्या आणि काका यांच्याकडे जाताना प्रश्न कसा विचारावा, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘आजी, तुम्हाला अचला सचदेव आठवतात का?’ असे विचारले, तर ‘नाही गो बाय’ एवढेच उत्तर मिळते आणि चहा पिऊन परतावे लागते. त्याऐवजी ‘बलराज साहनी ते गाणे म्हणतात तेव्हा समोरची बाई काय करत असते?’ असे विचारावे; मग त्या नुसते सांगत नाहीत, तशी मान वळवून दाखवतात, चित्रपट कोणाबरोबर पाहिला, परतताना बस मिळाली की चालत यावे लागले, हेही ओघाने येते. ह्या आठवणी मोलाच्या असतात, पण त्या आठवणी म्हणूनच लिहाव्यात. आजींनी सांगितलेले साल आणि ग्रंथालयातल्या अंकावरचे साल जुळले नाही, तर अंक प्रमाण मानावा आणि आजींचे वाक्य त्यांच्या नावाने, त्यांच्या संमतीने, जसेच्या तसे ठेवावे.

रंगभूमीवरचा साक्षीदार

ह्या आखणीत खास गोमंतकीय म्हणावा असा भाग पुढचा आहे, आणि तोच माझ्या मते सर्वांत फलदायी. आपल्याकडे जत्रेला संगीत नाटक करण्याची परंपरा अजून टिकून आहे, आणि संगीत नाटकात काम केलेल्या प्रत्येक बाईला एक अडचण पुरेपूर ठाऊक असते: नायक पद म्हणू लागला, आलापांवर आलाप घेऊ लागला, वर प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला, तर तेवढा सगळा वेळ समोर उभ्या असलेल्या नटीने करायचे काय? पदर चाळवत राहिले तर लक्ष विचलित होते, पुतळ्यासारखे उभे राहिले तर दृश्य मरते, आणि विंगेकडे पाहिले तर प्रॉम्प्टरकडे मदत मागितल्यासारखे दिसते. अचला सचदेव यांनी ‘वक्त’मध्ये जे काम केले, ते नेमके हेच होते, फक्त समोर हार्मोनियमवाल्याऐवजी कॅमेरा होता.

म्हणून आपल्या परिसरातल्या एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मी बाईंना दहा मिनिटे बोलण्याची विनंती करावी. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत किंवा देवळासमोरच्या मांडवात ज्यांनी दुय्यम भूमिका केल्या आहेत, त्यांना प्राधान्य द्यावे. नायिकेची कामे केलेल्या बाईंना मुद्दाम बोलावू नये, त्यांचे सत्कार एरव्ही होतच असतात. निवडलेल्या रंगकर्मी बाईंना आधी गाणे दाखवावे आणि भाषण लिहून आणायला सांगू नये. प्रश्न एवढाच ठेवावा की, समोरचा गात असताना तुम्ही काय करत होता आणि ते कोणी शिकवले. तालमीत दिग्दर्शक दुय्यम पात्रांकडे क्वचितच पाहतो, त्यामुळे ह्या बायकांनी आपापल्या युक्त्या स्वतःच शोधलेल्या असतात, आणि त्या ऐकल्यावर सभागृह ते गाणे दुसऱ्यांदा वेगळ्या नजरेने पाहते. भाषणानंतर गाणे पुन्हा दाखवावे, ते याचसाठी.

निवेदन लिहिताना

निवेदन दोन पानांपेक्षा लांबवू नये. ‘आपल्या अष्टपैलू अभिनयाने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवणाऱ्या’ या धर्तीचे वाक्य नाव बदलून कोणालाही चिकटवता येते, म्हणून ते कोणालाच लावू नये. पहिले वाक्य पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीचे असावे, जसे की, ‘बलराज साहनी गात असताना समोर बसलेल्या स्त्रीने एकही शब्द उच्चारलेला नाही, तरी तिचे उत्तर आपल्याला कळते.’ त्यापुढे भूमिकेचा विसरलेला उत्तरार्ध, वयाचा हिशेब, आणि मग उरलेल्या कारकिर्दीतल्या दोन-तीनच जागा घ्याव्यात. ‘मेरा नाम जोकर’मध्ये त्या राजूच्या आई होत्या, एवढे पुरे. मात्र ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’वर थोडे थांबावे, कारण १९९५ च्या त्या चित्रपटात अमरीश पुरी आपल्या पत्नीसाठी, म्हणजे फरीदा जलाल यांच्यासाठी, हेच ‘ऐ मेरी जोहराजबीं’ गुणगुणतात, आणि त्याच चित्रपटात नायिकेच्या आजीचे काम अचला सचदेव यांनी केले आहे. ‘वक्त’चे दिग्दर्शक यश चोप्रा या चित्रपटाचे निर्माते होते. तीस वर्षांपूर्वी जिच्यासाठी ते गाणे म्हटले गेले, ती आता गाणाऱ्याची आई होऊन त्याच घरात वावरते, हे तरुण श्रोत्यांना सांगितले की त्यांची मान वर होते, कारण हा चित्रपट त्यांना पाठ असतो.

शेवटच्या वर्षांबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा. त्या पुण्यात राहत होत्या, आपले घर त्यांनी जनसेवा फाउंडेशनला दिले, आणि ३० एप्रिल २०१२ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. चरित्र अभिनेत्रीच्या अखेरच्या दिवसांना ‘उपेक्षित’ आणि ‘एकाकी’ ही विशेषणे लावून सभागृह हळवे करणे फार सोपे असते, पण ज्या स्त्रीने स्वतःच्या घराची व्यवस्था स्वतःच्या निर्णयाने केली, तिच्याकडे दयेने पाहण्याचे कारण नाही. कुटुंबीयांविषयीच्या ऐकीव गोष्टी तर मुळीच घेऊ नयेत.

दिवस, वेळ आणि साधने

जन्मदिवस आणि स्मृतिदिन यांत तीन दिवसांचे अंतर असल्यामुळे एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली कोणतीही संध्याकाळ चालते. पण तारीख ठरवण्यापूर्वी कालनिर्णय उघडून वैशाख शुद्ध पंचमी केव्हा येते, ते पाहावे, कारण शिरगावला लईराईची जत्रा असली की डिचोली आणि आसपासच्या गावांतून श्रोते मिळत नाहीत. लग्नांचे मुहूर्तही टाळावेत. संध्याकाळी साडेपाचला सुरू करून सातला संपवणे सोयीचे, म्हणजे लांबच्या बायकांना शेवटची बस मिळते.

दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय आणि त्यांचे मनोगत हा सोपस्कार मिळून अर्धा तास खातो. पंचायतीने सभागृह विनाशुल्क दिले असेल, तर सरपंचांना दोन शब्द बोलू द्यावेच लागतील. ते शेवटी ठेवावेत. सुरुवात अंधार करून, काहीही न सांगता, आवाज बंद ठेवलेल्या गाण्याने करावी. बहुतेकांना गाणे ओठांच्या हालचालींवरून ओळखू येते, आणि आवाज नसल्यामुळे त्यांचे लक्ष आपोआप ऐकणारीकडे जाते. त्यानंतर नाव सांगावे, निवेदन वाचावे, आजारी आईचे एखादे दृश्य दाखवावे, रंगकर्मी बाईंना बोलू द्यावे, मग गाणे आवाजासह लावावे आणि उरलेला वेळ श्रोत्यांना द्यावा.

मेमध्ये वळवाच्या सरी आल्या की वीज जाते, तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला असावा, दृश्ये इंटरनेटवर अवलंबून न राहता हाताशी असावीत, आणि इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो का, ते आदल्या दिवशी पाहून घ्यावे. पूर्ण चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवायचा असेल, तर हक्कधारकांची परवानगी लागते. चर्चेसाठी छोटे भाग दाखवण्याची बाब वेगळी असली, तरी तिकीट लावण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. माझे मत विचाराल तर तिकीट लावूच नये.

दुसरी नावे

मंडळाला मराठीतलेच उदाहरण हवे असेल, तर १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तल्या लीलाबाई काळभोर, म्हणजे नयनतारा, ह्यांच्यावर असा कार्यक्रम उत्तम होईल. चारही नायकांचे सोंग टिकते ते घरमालकिणीचा त्यावर खरोखर विश्वास बसल्यामुळे. तिच्या डोळ्यांत किंचितही संशय किंवा मिश्कीलपणा दिसला असता, तर विनोद तिथेच संपला असता. हिंदीतच राहायचे, तर १९७५ च्या ‘शोले’तल्या मौसी लीला मिश्रा आहेत. जय मित्राच्या लग्नाचा प्रस्ताव घेऊन येतो, ते दृश्य आवाज बंद करून दाखवावे. अमिताभ बच्चन गंभीर चेहऱ्याने बोलत असतात आणि हसू येते ते मौसीच्या चेहऱ्यावर चढत जाणाऱ्या धास्तीमुळे. या दोघींसाठी रंगकर्मी मात्र विनोदी नाटकांतल्या बोलवाव्यात, संगीत नाटकातल्या नव्हेत.

कार्यक्रम झाल्यावर निवेदनाची प्रत, गाणे पाहताना केलेली टिपणे, गावकऱ्यांच्या आठवणी आणि रंगकर्मी बाईंच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण एका धारिकेत घालून वाचनालयात नोंद करून ठेवावे. ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर द्यावे आणि त्याची दुसरी प्रत ज्यांनी ते बोलणे केले, त्यांच्या घरी पोचवावी. दैनिकाला लेख द्यायचा असल्यास निवेदनच थोडे कमी करून, स्मृतिदिनाच्या किमान आठवडाभर आधी पाठवावे, कारण रविवारच्या पुरवणीची पाने बुधवार-गुरुवारपर्यंत लागलेली असतात.